समोरची कड

१

करडीच्या गोदावरीबाईच्या घरातून चिंधी म्हणून कधी बाहेर गेली नाही. लुगडं विरलं की त्याची झबली व्हायची, झबल्यांतून उरलं त्याच्या वाती, आणि वातीलाही जे नालायक ठरलं ते चुलीवरचा तापलेला गंज, म्हणजे पातेलं, उतरवायच्या कामी. नवऱ्याच्या, म्हणजे पुंडलिकरावांच्या धोतरांना तर तिने इतके जन्म दिले होते की ते कधीकधी पोतेऱ्याकडे बघून विचारायचे, "हे माहंच ना वो?" गावात कोणी बाजारातून नवी सतरंजी आणली की ती तोंडावर काही बोलायची नाही, पण घरी येऊन संध्याकाळपर्यंत पुटपुटत राहायची. ज्या कापडाने अंग झाकलं ते उकिरड्यावर टाकायचं, हा तिला निव्वळ माजोरीपणा वाटायचा.

एकोणीसशे चौऱ्याऐंशीचा कार्तिक होता. हलकं धान कापून झालं होतं, भारी धान अजून बांध्यांत उभं होतं. सून मंदा आठव्या महिन्यात होती. मंदाला आई नव्हती, म्हणून पहिलटकरीण असूनही तिचं बाळंतपण सासरीच व्हायचं होतं, आणि ते भर थंडीत येणार होतं. तेव्हा आई-लेकरू दोघं मावतील अशी एक गोधडी शिवायची, हे गोदावरीबाईने दसऱ्यालाच ठरवलं होतं.

वरच्या थराला तिने आपलं सगळ्यात मऊ लुगडं काढलं. खालच्या थराला दोन धोतरं जोडली. मध्ये बिनकामाच्या चिंध्या पसरल्या. हाताने दाबून पाहिलं तर गोधडी पातळ लागत होती. पौषात वैनगंगेवरून वारा सुटतो तेव्हा तीन थरांनी काही होत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मंदा पाण्याला गेली तेव्हा ती आतल्या खोलीत गेली. कोपऱ्यातली पत्र्याची पेटी उघडून तिने अगदी तळातून दोन लुगडी काढली. हिरवी, तांबड्या काठाची. घडीत ठेवलेला कडुनिंबाचा पाला हात लावताच चुरला. तिने ती राखेच्या पाण्यात उकळली, तीन वेळा पिळली आणि परसात वाळत घातली.

"कोनाचे होत जी हे लुगडे?" मंदाने घागर उतरवत विचारलं.

"माहेच होत. जुने."

ती तिची नव्हती. पण तोंडातून गेलं ते गेलं, आणि सून पुढे काही न विचारता आत गेली.

२

गोधडी शिवायला खरं तर दोघी लागतात. एक या कडेला, एक समोरच्या. दोघींनी आपापल्या कडेपासून ओळी घालत मध्याकडे यायचं आणि शेवटची ओळ मधोमध घालायची. एकटीनेही होते, पण समोरून कापड ताणून धरणारं कोणी नसलं की सुरकुत्या पडतात आणि पाठ दुपटीने मोडते.

वीस वर्षं गोदावरीबाईच्या समोर तिची धाकटी जाऊ बसायची. रुखमा तिचं नाव. तिचा नवरा गोमाजी लग्नाच्या चौथ्या वर्षी बांधावर साप चावून गेला, पदरात मूल नव्हतं, आणि माहेरचंही कोणी न्यायला आलं नाही. ती या घरातच राहिली. रोवणा, निंदण, गोठा, गोधड्या, सगळ्यांत मोठ्या जावेच्या सोबतीने.

रुखमा डावरी होती. आता यात विशेष काय, असं कोणालाही वाटेल, पण गोधडी शिवणाऱ्या बाईला ते वाटणार नाही. समोरासमोर बसलेल्या दोन उजव्या बायकांच्या ओळी उलट्या चालतात. एकीची तुळशीकडून निघते तर दुसरीची धानाच्या ढोलीकडून. सपरीत, म्हणजे घराच्या पुढच्या ओसरीत, बसलं की गोदावरीबाईच्या उजव्या हाताला अंगणातली तुळस यायची आणि डाव्या हाताला भिंतीशी धान साठवायची ढोली. तिची ओळ तुळशीकडून निघून ढोलीकडे जायची. रुखमा समोर तोंड करून बसे, पण डावरी असल्यामुळे तिचीही ओळ तुळशीकडूनच निघे. दोघींच्या सुया बरोबर निघायच्या, बरोबर चालायच्या, बरोबर पोचायच्या. बोलायलाही त्यामुळे सोपं जाई, कारण दोघींचे चेहरे कायम एकमेकींसमोर असायचे. गावातल्या बायका हसून म्हणायच्या की या दोघी जावा नव्हेत, एका जोखडाचे बैल आहेत.

रुखमा बोटाला टोपण घालत नसे. सुई टोचली की "च्" असा आवाज करून बोट तोंडात घालायची आणि हसायची. "टोचलं म्हंजे समजते बाई, हात चालू हाय."

तर या वेळी गोदावरीबाई एकटीच बसली. दुपारची जेवणं झाली की सपरीत गोधडी पसरायची आणि उन्हं तुळशीच्या ओट्यावरून उतरेपर्यंत शिवायचं. तीन दुपारी गेल्या. तिच्या कडेला सात ओळी झाल्या. रोज काम संपलं की ती गोधडी घडी घालून ढोलीवर ठेवायची.

चौथ्या दुपारी तिने घडी उलगडली. समोरच्या कडेला एक ओळ होती.

३

"मंदे, तुनं हात लावला का याले?"

"नाई जी मामीजी," मंदा सासूला म्हणाली. "मले तर वाकतासुद्धा येत नाई."

मंदा खोटं बोलणाऱ्यातली नव्हती, पण गोदावरीबाईला ते त्या क्षणी बरं वाटलं असतं. तिने सुनेला समोर बसवलं, सुई दिली आणि चार टाके घालायला सांगितलं. मंदाने ढोलीकडच्या टोकाला गाठ मारली आणि तिथून टाके घालायला घेतले. उजव्या हाताची बाई दुसरं करणार तरी काय?

कडेच्या त्या ओळीची गाठ तुळशीकडे होती.

गोदावरीबाईने डोकं चालवलं. आपणच कधी समोर जाऊन ओळ घातली असेल आणि विसरलो असू. साठीला टेकल्यावर माणूस काय काय विसरतं. पण ती स्वतः समोर जाऊन बसली असती तरी तिची गाठ ढोलीकडेच पडली असती. हे तिने एकदा मनात करून पाहिलं, मग खरंच उठून समोर जाऊन बसून पाहिलं, मग परत आपल्या जागी आली. गोधडी फिरवून ठेवली असेल म्हणावं, तर वरच्या लुगड्याचा पदर जिथल्या तिथे होता.

"काय होऊन राहिलं जी?" मंदाने विचारलं.

"काई नाई. टाके वाकडे पडले. उसवतो."

तिने कात्रीच्या टोकाने ती ओळ उसवली. टाके वाकडे अजिबात नव्हते. तांदळाच्या दाण्याएवढे, एकसारखे, तिच्या स्वतःच्या टाक्यांपेक्षा नेटके होते. दोरा ओढून काढताना त्यावर ठिकठिकाणी बारीक तपकिरी ठिपके दिसले. गंजलेल्या सुईचे असतील असं ती मोठ्याने म्हणाली. मंदा तोवर आत निघून गेली होती, त्यामुळे ते कोणाला सांगितलं हे तिचं तिलाच माहीत.

दुसऱ्या दुपारी समोरच्या कडेला दोन ओळी होत्या.

४

ते ठिपके गोदावरीबाईने आधी पाहिले होते. चार वर्षांपूर्वी, याच सपरीत.

त्या दिवशी दोघी गोधडी शिवत बसल्या होत्या आणि रुखमा काहीतरी सांगत होती, बहुतेक आंधळगावच्या बाजारातलं. सांगता सांगता तिची सुई डाव्या हातातून निघून उजव्या हाताच्या बोटात शिरली. नखाच्या बाजूने, चांगली खोल. गोदावरीबाईने ते पाहिलं. रुखमा बोलतच राहिली. सुई बोटात, आणि तोंडावर बाजारातलं हसू. मग तिची नजर खाली गेली, कापडावर रक्ताचा थेंब दिसला, आणि तेव्हा कुठे तिने बोट तोंडात घातलं.

"च्," रुखमा म्हणाली.

तो आवाज उशिरा आला होता. दोन श्वासांइतका, फार नाही. पण वीस वर्षं ज्याच्यासोबत सुई चालवली त्या माणसाचा उशीर कानाला कळतो. गोदावरीबाईने आपल्या बाजूची कड हळूच खाली ठेवली आणि म्हणाली की चुलीवर दूध आहे, बघून येते. चुलीवर दूध नव्हतं.

रुखमाच्या मनगटावर फिकट चट्टा होता. तो दोघींनीही कित्येक दिवस पाहिला होता आणि ऊन लागलं म्हणून सोडून दिला होता. त्या संध्याकाळी गोदावरीबाईने नवऱ्याला सांगितलं. गावात त्या रोगाचं नाव घेत नाहीत, नुसतं 'मोठा रोग' म्हणतात, आणि म्हणतानाही आवाज खाली आणतात. आठ दिवसांत रुखमाचं अंथरूण मागच्या कोठ्यात गेलं, बैलांच्या पलीकडे. गावाला खोकला सांगितला. रुखमाने विचारलंसुद्धा नाही की काहून. तिने फक्त आपली सुई पदराला टोचून सोबत नेली.

मंदा सून होऊन आल्यावर गोदावरीबाईने घरातली गोष्ट म्हणून तिला हे सगळं सांगितलं होतं. सांगताना आपल्या कानाचं तिला कौतुकही वाटलं होतं. "मले तर तिच्या आवाजावरून समजलं. 'च्' उशिरा आला ना, तवाच मी ओळखलं." मंदा डोळे मोठे करून ऐकत होती.

आता ते आठवलं की गोदावरीबाईला आपल्याच जिभेची शिसारी यायची.

५

ओळी उसवणं तिने सोडून दिलं. उसवलं की दुप्पट येतात, हे दोनदा पाहिल्यावर तिसऱ्यांदा हिंमत होईना. ती आपली शिवत राहिली. तिच्या दहा ओळी झाल्या की समोर दहा, तेरा झाल्या की तेरा. दिवस निघून चालले होते, मंदाचे पाय सुजायला लागले होते, आणि गोधडी तर व्हायलाच हवी होती. अर्धी गोधडी ठेवून दुसरी घ्यावी तर घरात दुसरं कापड नव्हतं. असतं तरी, का बदलली म्हणून मंदाने विचारल्यावर काय सांगणार होती?

कुत्रं, मांजर, शेजारची पोरं, सगळ्यांवर तिने मनातल्या मनात आळ घेऊन पाहिला. एक दिवस घडीवर जातं ठेवलं. जातं जागेवर राहिलं आणि ओळ पुढे गेली.

मग तिला ऐकू यायला लागलं. दुपारची वेळ, अंगणात कोंबड्या, लांब खळ्यावर मुलगा तेजराम बैलांना हाकारत असल्याचा आवाज. असं सगळं रोजचं चालू असताना दोऱ्याची सर्र आली. ती थांबली. सर्र पुन्हा आली. तिचा स्वतःचा दोरा तिच्या बोटांत ढिला होता. समोर रिकामी शेणाने सारवलेली जमीन होती आणि त्यावर उन्हाचा पट्टा. कापड मात्र तिकडून ताणलेलं होतं. एकटीने शिवताना पडतात तशी एकही सुरकुती त्या गोधडीला नव्हती.

ती ऐकत राहिली. टाका, दोरा, टाका, दोरा. टोपण न घालता इतके टाके घालणारी बाई एकदा तरी "च्" करेल. तो आवाज येईल म्हणून गोदावरीबाई श्वास धरून बसली. ऊन ओट्यावरून खाली उतरलं तरी तो आला नाही.

त्याच दुपारी शेजारची रंभाबाई विस्तव मागायला आली. गोधडीकडे बघून तिला उमाळा आला. मंदा दारातच उभी होती.

"तुह्या सासूचा हात म्हंजे हात हाय वो मंदे. त्या बिचाऱ्या रुखमाले बी इनंच देल्ली होती गोधडी, मरता मरता. कोन करते जावेसाठी एवढं?"

"मामीजीनं सांगतलं मले," मंदा अभिमानाने म्हणाली. "त्यायच्यासंगच गेली म्हने ते गोधडी."

गोदावरीबाईने मान खाली घालून टाका घातला. तिचे कान इतके तापले होते की पदर घेऊन तिने ते झाकले. रंभाबाईला वाटलं, किती साधी बाई, कौतुक केलं की लाजते.

६

गोधडी दिलीच नव्हती.

रुखमा कोठ्यात गेली त्याला वर्ष होत आलं होतं. दिवाळीनंतर सायकलवर मधुकरराव नावाचा एक माणूस गावोगाव चट्टे तपासत फिरत होता. कोणीतरी नाव सांगितलं असणार, तो थेट मागच्या कोठ्याशी आला. रुखमाला डोळे मिटायला सांगून त्याने तिच्या हातावर पेनाचं टोक टेकवलं, मग गोळ्यांची पुडी काढली आणि गोदावरीबाईला बाजूला घेऊन बोलला. आवाज मऊ होता त्याचा.

"बाई, गोळ्या घेतल्या का हा रोग थांबते. हिले इथं नोका ठेवू, घरात घ्या. संग जेवा, संग बसा. कपड्यालत्त्यानं काई होत नाई. थंडी सुरू होऊन राहिली, हिच्या अंगावर पांघरूण तरी हाय का?"

"हो जी," गोदावरीबाई म्हणाली.

त्याच आठवड्यात रुखमाने आपली दोन लुगडी धुऊन, वाळवून, घडी घालून कोठ्याच्या उंबऱ्यावर ठेवली. हिरवी, तांबड्या काठाची. गोमाजीने घेतलेली. अंगावर आता एकच उरलं होतं.

"बाई, याची एक गोधडी करून द्या ना. मले आता टाका दिसत नाई सारका. माही बाजू तुमीच शिवून घ्या."

"देतो ना. होऊन जाईन."

आणि तिने ती पेटीत ठेवली. कारण तेजरामची सोयरीक चालू होती. मंदाचा बाप कधीही घर बघायला येईल अशी वेळ होती, सपरीत रुखमाची लुगडी पसरून बसलं असतं तर बायकांनी ओळखलं असतं आणि विचारलं असतं की हिची लुगडी इथे कशी, ही दिसत का नाही. मार्गशीर्षात रुखमाने दोनदा विचारलं, "झाली का जी माही गोधडी?" दोन्ही वेळा गोदावरीबाई म्हणाली, अर्धी झाली. मंदाचा बाप आला त्या दिवशी रुखमाला निरोप गेला की खोकू नको. ती खोकली नाही. पौषात एका सकाळी तेजराम बैलांना वैरण टाकायला गेला आणि धावत परत आला. तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगात शिरून, गुडघे पोटाशी घेऊन रुखमा पडली होती. कोठ्यात होती ती दोन रिकामी पोती अंगावर घेतलेली होती.

मौतीला आलेल्या बायकांनी विचारलं तेव्हा गोदावरीबाईच्या तोंडून निघून गेलं, "गोधडी देल्ली होती मी. तिच्यासंगच देऊन टाकली." कोणीच तपासायला जाणार नव्हतं. गोष्ट पसरली. मंदाच्या बापाच्या कानावर गेली, आणि जावेला इतकी माया लावणाऱ्या घरात आपली बिनआईची पोर सुखात राहील म्हणून त्याने होकार कळवला.

आता तीच लुगडी तिने आपल्या नातवंडाच्या गोधडीत घातली होती. न घाबरता घातली होती. पेटीतून काढताना रोगाचा विचारही मनात आला नव्हता, आणि हेच तिला आता सहन होत नव्हतं. कापडाने काही होत नाही हे तिला आजच कळलं असतं तर गोष्ट वेगळी होती. ते तिला त्याच दिवशी कळलं होतं, मधुकररावाने सांगितलं त्याच दिवशी. कोठ्याच्या दारातून भाकर लोटताना तिला रोगाची भीती नव्हती. लोक काय म्हणतील याची होती. एवढ्यासाठी तिने रुखमाला गारठू दिलं होतं, आणि वर तिच्या नावावर चांगुलपण कमावलं होतं.

मंदाला सांगून टाकावं, असं तिने तीनदा ठरवलं. तिन्ही वेळा मंदा जवळ येऊन बसली, "मामीजी, तुमी हाय म्हून मले माय नसल्याचं वाटत नाई" असलं काहीतरी बोलली, आणि गोदावरीबाई सुईत दोरा ओवायला लागली.

७

शेवटची दुपार. मधली एक ओळ उरली होती.

मंदा हौसेने येऊन ढोलीकडच्या टोकाशी बसली, कारण गोधडी मिटताना बघायचं होतं. या घराची एक रीत होती. गोधडीचा शेवटचा कोपरा शिवण्याआधी त्यात धानाचे पाच दाणे घालायचे आणि जो त्या गोधडीत निजणार त्याचं नाव घ्यायचं. नाव न घेता मिटलेली गोधडी ऊब देत नाही, असं दोघींची सासू सांगायची. ती ज्याच्या नावाची असते त्यालाच ओळखते, म्हणायची.

"किती सारके टाके पडले जी दोनी बाजूनं," मंदा हात फिरवत म्हणाली. "एकटीनं केले असं वाटतच नाई."

गोदावरीबाईने तुळशीकडच्या टोकाला गाठ मारली आणि सुई वरून घातली. खालचा हात सुई घ्यायला गोधडीखाली गेला. सुई तिथे नव्हती. पुढच्या टाक्याच्या जागी तिचं टोक वर आलेलं होतं.

तिने ती ओढून पुन्हा वरून घातली. पुन्हा टोक वर आलं, तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरावर. तिचा खालचा हात कापडाखाली रिकामा पडून होता. मंदा वरून बघत होती, तिला त्यात काहीच वावगं दिसत नव्हतं. अशा तऱ्हेने ती ओळ चालली. भरभर चालली. पूर्वी वीस वर्षं चालायची तशी. गोदावरीबाईच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

ओळ ढोलीशी पोचली. कोपरा उघडा राहिला. मंदाने मुठीतले पाच दाणे पुढे केले, गोदावरीबाईने ते आत सोडले.

"घ्या ना जी नाव," मंदा म्हणाली.

गोदावरीबाईने समोर पाहिलं. सारवलेल्या जमिनीवर उन्हाचा पट्टा होता. त्या पट्ट्यात, गोधडीच्या पलीकडच्या कडेवर कापड किंचित दाबलं गेलेलं होतं. गुडघे टेकून कोणी बसलं की दाबलं जातं तसं, शेजारी शेजारी दोन जागी.

नाव घ्यायचं होतं. एकच तर नाव होतं. ते घेतलं असतं तर मंदाने विचारलं असतं की रुखमाकाकूची कशी, त्यांची तर त्यांच्यासोबत गेली ना? मग सगळंच सांगावं लागलं असतं, पेटीपासून तणसापर्यंत. गोदावरीबाईने तोंड उघडलं. समोरचं कापड थोडं आणखी ताणलं गेलं, वाट बघणाऱ्या माणसाने पुढे वाकावं तसं.

"मंदाच्या लेकराची," ती म्हणाली.

कापड ढिलं पडलं. सबंध गोधडीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका झटक्यात सुरकुत्या आल्या.

तिने खाली मान घालून कोपरा मिटवायला घेतला. पटापट, एकदाचं संपावं म्हणून. एक टाका, दोन टाके, तीन.

"च्."

समोरून आला. अगदी हलका, आणि अगदी वेळेवर. बोट तोंडात घालताना करतात तसा.

गोदावरीबाईने दचकून वर पाहिलं. समोर कोणी नव्हतं. मंदाच्या चेहऱ्यावर काही ऐकल्याची खूणही नव्हती. मंदा खाली बघत होती, सासूच्या हाताकडे.

तिनेही खाली पाहिलं. तिच्या डाव्या हाताच्या बोटात सुई उभी होती. नखाच्या बाजूने शिरलेली, चांगली खोल. रक्ताचा थेंब कापडावर उतरून पसरलाही होता. बोट तिचंच होतं. दुखत मात्र काहीच नव्हतं.

"लागलं काय जी, मामीजी?"

"हो ना," गोदावरीबाई म्हणाली. तिने सुई उपटली, बोट घाईने तोंडात घातलं आणि आवाज केला. "च्."

मंदा तिच्याकडे बघत राहिली. सांगितलेली गोष्ट ती किती लक्ष देऊन ऐकत असे, हे गोदावरीबाईला ठाऊक होतं. तिने बोट पदराखाली घेतलं.

मंदाने आपल्या हातातली गोधडीची कड हळूच खाली ठेवली.

"चुलीवर दूध हाय," ती म्हणाली, "बघून येतो." आणि पोटावर हात ठेवून ती उठली.